बोक्याला जामीन

मांजरांना अध्यक्ष हा प्रकार कळत नाही. कुत्र्यांना कळतो म्हणे. कुत्र्यांच्या शेल्टरचा अध्यक्ष फाटकातून आत आला की तीस-चाळीस शेपट्या एकदम हलतात असं ऐकून आहे, आणि त्या गृहस्थांचा मला मनापासून हेवा वाटतो. आमच्याकडे मी आत शिरलो की साठ-सत्तर मांजरांपैकी फार तर दोघं-तिघं मान वळवतात, हातात पिशवी आहे का बघतात आणि नसली तर मान होती तिथे नेऊन ठेवतात. सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात काढलेल्या माणसाला ही नजर चांगली ओळखीची असते. फरक इतकाच, की तेव्हा ती माझी असायची.

तरीही मी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. मधोमध नाव, त्याखाली ‘संस्थापक-अध्यक्ष’, कोपऱ्यात मांजराचा पंजा. बायकोचं म्हणणं असं, की संस्थापक ती आहे. मागच्या दारी जळणाच्या लाकडांमागे व्यालेली पहिली मांजरी तिनं घरात घेतली. मी तेव्हा ‘एकदा घेतली की सवय लागते’ एवढंच म्हणालो होतो. हे खरं आहे. पण संस्थेची घटना कुणी लिहिली? नोंदणीची कागदपत्रं, पॅनकार्ड, ऑडिट, पावतीपुस्तकं कुणी केली? ज्याची सही तो संस्थापक. बायको म्हणते, तसं असेल तर ताजमहाल कारकुनानं बांधला.

स्वयंसेवक मला ‘काका’ म्हणतात. ‘सर’ म्हणावं अशी माझी बरीच जुनी इच्छा आहे. मावशींना, म्हणजे आमच्याकडे सकाळी झाडलोट करणाऱ्या बाईंना, ते ‘मावशी मॅम’ म्हणतात. कारण मावशी रागावतात आणि मी रागावलेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

या स्वयंसेवकांत दोन जाती आहेत. एक शनिवारी दुपारी येते. ही मंडळी हिंजवडीला कामाला असतात, त्यांना ताण असतो आणि तो घालवायला ती येतात. पिल्लं मांडीवर घेतात, डोळे मिटतात, फोटो काढतात आणि निघताना ‘काका, फार थेरप्युटिक वाटलं’ म्हणतात. ट्रे उचला म्हटलं की त्यांना मीटिंग असते. दुसरी जात म्हणजे एक मुलगी. तिला मी जात म्हणतो, कारण ती एकटी तेवढं काम करते. कॉलेजला जायच्या आधी सकाळी येते, कुणाशी बोलत नाही, ट्रे घासते, औषधं देते, रजिस्टरमध्ये नोंद करते आणि जाते. तिनं आजवर एकाही मांजराबरोबर फोटो काढलेला नाही. देणगीदारांनी प्रेमानं आणून दिलेले फिनाईलचे कॅन तिनंच रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक मुतारीला दान केले. फिनाईल मांजरांना विष असतं. त्यांच्या यकृताला ते निकामी करता येत नाही, आणि पायाला लागलेलं सगळं ती चाटून पोटात घेतात. मी तेव्हा नुकतंच त्या देणगीदारांना आभाराचं पत्र पाठवलं होतं, संस्थेच्या लेटरहेडवर.

माझा एकदा सत्कारही झाला. एका ज्येष्ठ नागरिक संघानं शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल दिलं. निवेदिकेनं माझी ओळख ‘भटक्या कुत्र्यांसाठी आयुष्य वेचणारे’ अशी करून दिली. मी माइकवर जाऊन ‘मांजरांसाठी’ अशी दुरुस्ती केली, तेव्हा सभागृहात जो उसासा उमटला त्यात कौतुक नव्हतं. शाल घरी आणून खुर्चीवर ठेवली होती. रात्री एका तिरंगी मांजरीनं तिच्यावर पाच पिल्लं घातली. सत्काराची शाल इतकी सत्कारणी लागल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

होळी झाली की आमच्याकडे खोकी यायला लागतात. सकाळी फाटक उघडावं तर बाहेर बुटांचं खोकं, मिक्सरचं खोकं, क्वचित देवगड हापूसची पेटी. आंबे गेलेले आणि गवतात पिल्लं. एका खोक्यात चिठ्ठी होती, ‘कृपया यांना मांसाहार देऊ नये, आमच्या घरात चालत नाही.’ डोळेही न उघडलेल्या त्या चौघांना ही अट वाचून दाखवायची जबाबदारी माझ्यावर आली. अशी पिल्लं दर दोन-तीन तासांनी भरवावी लागतात, तीही पिल्लांच्या दुधाच्या पावडरीनं. गाईचं दूध त्यांना बाधतं. त्यांना ऊब स्वतः राखता येत नाही, म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी लागते. आणि शी-शू आपण होऊन करता येत नाही. आई चाटते तसं आपण ओल्या कापसानं पुसून ती करवून घ्यायची. ज्या हातांनी मी साखर कारखान्यांची कर्जं मंजूर केली, त्याच हातांनी रात्री तीन वाजता हे चालतं. वसुलीचं प्रमाण मात्र इकडे चांगलं आहे.

खोकं ठेवणारा एखादा कधी तावडीत सापडतोच. मी त्याला शांतपणे सांगतो, मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. ऑपरेशन करून घ्या, आम्ही खर्चाला हातभार लावतो. तो म्हणतो, ‘काका, एकदा तरी आई होऊ द्यावं ना बिचारीला.’ ही वाक्यरचना पुरुषच करतात, असं निरीक्षण बायकोनं नोंदवून ठेवलं आहे.

आता वाळू. वाळूबद्दल मी बोलायला लागलो की घरातली माणसं उठून जातात, म्हणून इथे लिहितो. वाचकही उठून जाऊ शकतो, पण तो मला दिसत नाही.

मांजर पाळणारे लोक मांजराच्या प्रेमाबद्दल बोलतात. शेल्टर चालवणारे वाळूबद्दल बोलतात. नियम असा, की जितकी मांजरं तितके ट्रे, आणि वर एक. हा वरचा एक कुणासाठी, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. म्हणाले, ज्याला बाकीचे पसंत नाहीत त्याच्यासाठी. प्रत्येक सोसायटीत असा एक सभासद असतोच. याचं मूळ फार मागे जातं. घरातल्या सगळ्या मांजरांचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. कोरड्या मुलखातला गडी. पाण्याची टंचाई, म्हणून मूत्रपिंडं अशी घडली की थोड्या पाण्यात भागावं. त्यामुळे लघवी दाट आणि वास असा की पाहुणे जिन्यातच थबकतात. केलेलं झाकून ठेवायचं, तेही मऊ मातीत, ही सवय तिथलीच. नऊ-साडेनऊ हजार वर्षांपूर्वी सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं मांजर उत्खननात सापडलं आहे, म्हणजे ओळख जुनी. धायरीच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेलं बांडं पिल्लू महिन्याचं झालं की कुणी न शिकवता ट्रेमध्ये जाऊन उकरतं, बसतं, झाकतं आणि झाकलं का ते वास घेऊन तपासतं. माझ्या नातवाच्या बाबतीत याच गोष्टीसाठी दोन्ही घरांतली चार मोठी माणसं वर्षभर झटत होती. तपासण्याची पायरी अजून आलेली नाही.

पण वाळू विकत घ्यायची ही कल्पना मांजरांची नव्हे. ती एडवर्ड लो या अमेरिकन माणसाची. १९४७ सालच्या जानेवारीत, इकडे आपण स्वातंत्र्याच्या घाईत असताना, मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावी याच्या शेजारणीची वाळू थंडीनं गोठली. ती मांजरासाठी राख वापरत होती आणि घरभर काळे पंजे उमटत होते. लोच्या घरचा धंदा कारखान्यांत सांडलेलं तेल शोषून घेणारी माती विकण्याचा. त्यानं ती थोडी दिली. शेजारीण खूश. मग यानं पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या आणि दुकानदाराला सांगितलं, पासष्ट सेंटला विक. दुकानदार म्हणाला, वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना ही कोण घेणार? लो म्हणाला, मग फुकट वाट. लोकांनी फुकट नेली आणि पैसे घेऊन परत आले. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगतो, कारण कर्जप्रस्ताव कसा असावा याचा हा नमुना आहे. आणि ती माती कोणती? मुलतानी! लग्नाआधी माझी आत्या महिनाभर ज्या मातीचा लेप तोंडाला लावून माजघरात बसली होती, तीच. आत्याला हे कधी सांगितलं नाही.

पुढे १९८४ साली आणखी एका अमेरिकन माणसानं शोधलं की बेंटोनाइट नावाची माती ओली झाली की फुगून तिचा गोळा बनतो, म्हणजे सगळा ट्रे न फेकता तेवढा गोळा झाऱ्यानं उचलून टाकता येतो. आपल्याकडे ती कच्छमध्ये भरपूर निघते. टॉवरच्या पायासाठी खोल भोकं पाडतात तेव्हा त्यांच्या भिंती ढासळू नयेत म्हणून हीच माती कालवून ओततात. थोडक्यात, पुण्यात इमारती उभ्या राहतात आणि मांजरं बसतात ती एकाच मालावर.

ही माती किलोवर मिळते आणि साठ मांजरांना पुरेशी घ्यायची तर अध्यक्षाला पर्याय शोधावे लागतात. मी वखारीतून भुसा आणला. तो मांजरांच्या शेपटीला चिकटून सगळ्या घरात पोचला; आमटीतसुद्धा. मग शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं आणि बाहेर वाळूचा ढीग पडला. दुसऱ्या दिवशी गवंडी तक्रार घेऊन आला. खरं तर ती वाळू नव्हतीच. हल्ली नदीची वाळू मिळते कुठे, सगळी क्रश सँड. पहिल्या दिवसानंतर मांजरांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांना फरक कळतो. शेवटी रद्दीच्या पट्ट्या कापायचं ठरलं. मी अधूनमधून रविवारच्या पुरवणीत लिहितो. एकदा ट्रेमध्ये माझाच चेहरा, अर्धा, वर बघत होता. त्यावर मामलेदार नावाचा आमचा सर्वांत जुना बोका येऊन बसला, काम उरकलं आणि नंतर पुष्कळ वेळ झाकत राहिला. माझ्या लेखाला इतका तातडीचा अभिप्राय संपादकांकडूनही कधी आलेला नाही.

असो. हा शब्द मी तासाभरानं वापरतो, असं बायको म्हणते.

संस्थेचं खरं काम मांजरं ठेवून घेण्याचं नाही, देऊन टाकण्याचं आहे. एक मांजर घरी गेलं की एक जागा रिकामी होते आणि फाटकाबाहेरचं एक खोकं आत येऊ शकतं. म्हणून आम्ही अ‍ॅडॉप्शनचे कॅम्प भरवतो आणि लोक येतात. आमच्यासमोर बसून ते ज्या आवाजात अपेक्षा सांगतात तो आवाज मी वधू-वर सूचक मंडळातच ऐकला होता. पांढरं हवं. केस लांब हवेत, पण गळायला नकोत. पर्शियन आहे का? डोळे निळे हवेत. (सगळ्या पिल्लांचे डोळे आधी निळेच असतात, सहा-सात आठवड्यांनी बदलतात. दोघं-तिघं तक्रार घेऊन आली होती.) एका गृहस्थांना भरभराटीसाठी तिरंगी बोका हवा होता. मी त्यांना समजावलं, केशरी आणि काळा हे दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मांजरीच असते. ते म्हणाले, बघा ना, कुठे सोय होते का. बँकेत माणसं हेच वाक्य म्हणायची.

एक तरुण चौदाव्या मजल्यावर राहत होता. खिडक्यांना जाळी बसवा, मगच मांजर, असा आमचा नियम. त्यानं मोबाइल काढून न्यूयॉर्कमधल्या १९८७ सालच्या अभ्यासाचा दाखला दिला. इमारतींवरून पडलेली एकशे बत्तीस मांजरं, त्यातली बहुतेक वाचली, आणि सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना उलट इजा कमी. म्हणाला, ‘काका, मांजर पायांवरच पडतं, डेटा आहे.’ आमची ती न बोलणारी मुलगी ट्रे घासत होती. मान वर न करता म्हणाली, ‘जी मेली ती दवाखान्यात कशाला नेतील?’ जाळी बसली. मांजरही गेलं. मी ते वाक्य आता माझं म्हणून वापरतो.

काळी पिल्लं शेवटी राहतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली करणाऱ्या राज्यात राहतात. उच्चशिक्षित माणसं म्हणतात, ‘आमचा विश्वास नाही हो, पण आईला चालणार नाही.’ आईला फोन लावला तर आई म्हणते, ‘मला काय, सूनबाईला विचारा.’ आणि अमावास्येच्या आठवड्यात काळ्या मांजराबद्दल अचानक चौकशा वाढल्या, की आम्ही त्या आठवड्यात काळं मांजर कुणालाही देत नाही. त्याचं कारण इथे लिहीत नाही. विनोदी लेख आहे.

नेलेली मांजरं परतही येतात. बदली झाली, सोफा फाडला, सोसायटीनं नाही म्हटलं. सोसायटीचं कारण सांगणाऱ्यांसाठी मी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची झेरॉक्स ठेवली आहे. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालायचा अधिकार सोसायटीला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ती झेरॉक्स हातात दिली की कारण बदलतं. पण सगळ्यात जास्त मांजरं परत येतात ती गोड बातमीमुळे. घरात बाळ येणार म्हटलं की मांजर बाहेर. टोक्सोप्लाज्मोसिस हा शब्द ज्यांना धड उच्चारता येत नाही तेही त्याची भीती घालतात. तो रोग खरा आहे, गर्भाला धोका खरा आहे. पण तो कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून आणि बागेतल्या मातीतूनही येतो, आणि मांजराच्या विष्ठेतला जंतू लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जावा लागतो. म्हणजे ट्रे रोज साफ करायचा आणि तो नवऱ्यानं करायचा. एवढाच उपाय. मी हे नवऱ्यांना सांगतो. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळतं की मांजर परत का आलंय.

परत आलेलं मांजर ओळखू येतं. ते भांडत नाही, फिसकारत नाही. भिंतीकडे तोंड करून बसतं आणि खात नाही. मांजरानं दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि ते खरोखर मरू शकतं. जाड मांजर आधी. म्हणजे लाडात वाढलेलं आधी. आमच्या त्या मुलीनं अशा एकासाठी परीक्षेच्या आदल्या रात्री शेल्टरमध्ये गादी टाकली होती. सिरिंजनं थोडं थोडं भरवत पुस्तक वाचत बसली. मांजर वाचलं नाही. सकाळी तिनं रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, ट्रे घासले आणि पेपरला गेली. मला त्या कुटुंबाला फोन करून चार शब्द सुनवायचे होते, बँकेत थकबाकीदारांसाठी राखून ठेवलेले. बायकोनं फोन काढून घेतला. म्हणाली, ‘त्यांना कळवू नकोस. एक तर वाईट वाटणार नाही, किंवा वाटेल. दोन्हींत मांजर नाही.’ मी आजही त्या घरावरून जाताना त्यांच्या गॅलरीतल्या पाळण्याकडे बघतो. बाळ गोंडस आहे. त्याचा काय दोष.

अशा प्रकारांवर उपाय म्हणून मी अर्ज तयार केला. मूळचा अर्ज मुलांनी केलेला, एका पानाचा, वर स्मायली. मी तो चार पानांवर नेला. घर स्वतःचं की भाड्याचं, मालकाची संमती, जाळीचा फोटो, डॉक्टरांचं नाव, सुट्टीत मांजर कुठे राहील. यातला कलम चौदा हा माझ्या प्रतिभेचा कळस आहे. ‘अर्जदाराचे वय साठ वर्षांपेक्षा जास्त असल्यास, अर्जदाराच्या पश्चात मांजराची जबाबदारी घेणाऱ्या जामीनदाराचे नाव, पत्ता व सही. जामीनदार पुणे शहरातील असावा.’ मुलांनी ‘काका, जामीनदार काय, ईएमआय आहे का?’ असं विचारलं. मी दुर्लक्ष केलं.

मग एक दिवस बाई आल्या. पंच्याहत्तरच्या आसपास वय, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, हातात भाजीची कापडी पिशवी. शनिवारच्या मंडळींनी लगेच पिल्लं आणून मांडीवर ठेवली. बाईंनी ती चष्मा वर करून बघितली आणि मला विचारलं, “मांजर किती वर्षं जगतं?”

“घरात राहिलं तर पंधरा वर्षं सहज. वीससुद्धा.”

“मग पिल्लू घेऊन मी काय करू? नव्वदीला त्याला सांभाळू?” त्यांनी पिल्लं एकेक करून खाली ठेवली. “तुमच्याकडचं सगळ्यात म्हातारं दाखवा.”

शेल्टर चालवणाऱ्या माणसानं हे वाक्य ऐकायचं नसतं. खुर्चीवर बसलेला असला तरी तोल जातो. लोक म्हातारं मांजर बघतसुद्धा नाहीत. पिंजऱ्यासमोरून जाताना चालण्याचा वेग वाढवतात, हे मी कित्येक कॅम्पांत पाहिलंय. आमच्याकडचं सगळ्यात म्हातारं म्हणजे मामलेदार. वय बारा असेल, तेरा असेल. एक कान मारामारीत फाटलेला, दुसऱ्याचा शेंडा नसबंदीची खूण म्हणून कापलेला, दात मोजून तीन. पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये मांजरांनाही परवाना घ्यावा लागेल असं ठरवलं तेव्हा परवान्याच्या अर्जासाठी याचा फोटो काढायचा प्रयत्न झाला होता; त्यात फक्त तिरस्कार आला. तो कुणाकडे जात नाही, माझ्याकडे तर नाहीच. त्याला बाईंसमोर आणलं. त्यानं बाईंकडे पाहिलं नाही. पिशवीचा वास घेतला आणि तिच्यावर चढून बसला. आत मेथी होती.

“बसू दे,” बाई म्हणाल्या. “तशीही निवडायचीच होती.”

मी अर्ज पुढे केला. बाईंनी चारही पानं वाचली, पेपर तपासायची सवय असलेल्या माणसानं वाचावीत तशी, आणि तिसऱ्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त केली. कलम चौदापाशी थांबल्या.

“जामीनदार कुणी नाही. मुलगा कॅनडात असतो. त्याचं लिहू?”

“पुण्यातला हवा.”

“तुमचं वय किती?”

“अडुसष्ट,” मी म्हणालो. का सांगितलं माहीत नाही. बाईंच्या आवाजात ती ताकद होती.

“घरी मांजरं आहेत?”

“तीन.”

“त्यांचा जामीनदार कोण?”

शनिवारची मंडळी कधी नव्हे ती शांत झाली. बायकोला नेमकं तेव्हाच औषधांचं कपाट आवरायचं आठवलं. ती न बोलणारी मुलगी ट्रे घेऊन दारात उभी होती आणि हसत होती. तिला हसताना मी प्रथमच बघत होतो. बँकेत असताना मी येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट फुकट सांगत आलो, की बाबा रे, काहीही कर, कुणाला जामीन राहू नको. सख्ख्या मेहुण्याला राहिलो नाही. मेहुणे अजून दिवाळीला येत नाहीत. मी पेन काढलं आणि कलम चौदासमोर माझं नाव, पत्ता आणि बँकेत करायचो ती लांबलचक सही केली.

“आणि तुमच्या तिघांना मी,” बाई म्हणाल्या. “कागद असेल तर द्या, आत्ताच करते. आमच्याकडे लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे चांगले आहेत.”

अर्जाचा दुसरा नमुना मिळेना, म्हणून माझ्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून घेतलं. कार्डाचा झालेला हा पहिला उपयोग. मामलेदार रिक्षातून गेला, पिशवीसकट. त्यानं मागे वळून वगैरे पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. “अध्यक्ष आहेत का?” आजवर कुणी मला या नावानं हाक मारली नव्हती. मी उठून उभा राहिलो. “मामलेदार मजेत आहे. सकाळी भाकरी कुस्करून दिली तर ती नको, त्याला बोंबील हवा. मिळतो. पण तुम्ही दिलेल्या ट्रेमध्ये जात नाही तो. तुळशीच्या कुंडीत जातो. तुम्ही कुठली वाळू वापरता?”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला आपण होऊन वाळूबद्दल विचारत होतं. मी खुर्ची ओढून घेतली, घसा खाकरला.

“त्याचं असं आहे बाई, १९४७ साली अमेरिकेत...”

“ते नंतर,” बाई म्हणाल्या. “आधी दहा किलो घेऊन या. तिसरा मजला.”